मान हलवली, एवढंच

मला बोलता येतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या बायकोला त्याची अजून खात्री नाही. "तुमना तोंडमा रुई कोंबेल शे का?" असं ती दिवसातून चार वेळा विचारते आणि मी मान हलवतो. मग ती कपाळावर हात मारून घेते.

पण माझा तरी काय दोष, सांगा ना! धुळ्याला सुगनचंद शेठच्या जीनमध्ये मी बावीस वर्षं मुकादम. जीन म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी काढायचा कारखाना. एका शेडमध्ये चाळीस रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, एकाच वेळी धडधडतात. शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला नुसती तुमची दाढी दिसते. तिथं बोलून करणार काय? म्हणून आमची सगळी बोली हाताची. तोंडाशी दोन बोटं नेली की चहा आला. कपाळावर मूठ टेकवली की शेठ येताहेत. कानाची पाळी धरली की कुणाची तरी चूक झाली. आणि डोक्यावर हात उंच धरून गरागरा फिरवला, की बाकी सगळं सोडून पट्टा उतरवायचा, मशीन बंद. हा शेवटचा हात वर्षातून एखाद्या वेळीच कुणी फिरवतं, कारण तो आगीच्या भीतीचा हात आहे. रुईच्या ढिगात एक ठिणगी पडली तर अख्खं जीन तासाभरात खलास.

शेठचं तर याहून वरचं. त्यांच्या ऑफिसात आवाज नव्हता, तरी ते बोलत नसत. पेनाला टोपण लावलं, की विषय संपला. पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला, की उद्या या. चष्मा कपाळावर चढवला, की आता खरं सांग. आणि आम्ही समोर उभं राहून मान हलवायची. ही मान आमच्याकडची. ती हो नसते, नाहीही नसते. ती नुसती थोडी डावीकडून उजवीकडे जाते आणि तिचा अर्थ असतो, ऐकलं, बघतो, तुम्ही मोठे आहात. शेठना ती मान बरोबर कळायची. कुठली मान हो आहे आणि कुठली मान नुसती मान आहे, हे ते चष्म्याच्या वरून बघून ओळखायचे.

आता भिकुबाईचं सांगतो. सात नंबरच्या रेच्यात कपाशी घालणारी बाई. अकरा सीझन झाले होते तिला. तिचा नवरा पुना माझ्याच गावचा, भावकीतला, माझ्याहून लहान. म्हणजे नात्यानं मी तिचा जेठ, मोठा दीर. आमच्याकडे सून जेठाशी बोलत नाही, त्याच्याकडे मान वर करून बघत नाही. मी शेडमध्ये शिरलो की तिचा पदर नाकापर्यंत खाली. अकरा वर्षांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पण हातानं? हातानं तिच्याइतकं चोख कुणी बोलत नसे. पट्टा घसरतोय, कपाशी ओली आली, एका बाईला चक्कर आली, सगळं पदराआडून मला बरोबर पोचायचं. त्या वर्षी कायम होणाऱ्या बायकांची यादी लागायची होती आणि तिचं नाव पहिल्या पाचात होतं. कायम झाली, की पावसाळ्यातसुद्धा काम. तिचं अख्खं घर त्या यादीकडे डोळे लावून बसलेलं.

आणि नेमके त्याच वर्षी, म्हणजे नव्वदच्या जानेवारीत, शेठ मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जळगावला लेकीकडे गेले आणि गादीवर आले त्यांचे चिरंजीव, निर्मलकुमार.

मुलगा वाईट नव्हता हो. पण पुण्याला काहीतरी मॅनेजमेंटचं शिकून आलेला. पहिल्याच दिवशी त्यानं आम्हा सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि बॉडी लँग्वेज म्हणून एक प्रकार शिकवला. माणूस तोंडानं खोटं बोलेल, पण अंग खोटं बोलत नाही, असं त्याचं म्हणणं. हात बांधून उभा राहिला, म्हणजे मनातून विरोध आहे. नाक चोळलं, म्हणजे काहीतरी लपवतोय. आणि डोळ्याला डोळा देत नाही, तो खोटारडा, हे नक्की. मग त्यानं प्रत्येकाशी हात मिळवला. हात घट्ट हवा म्हणे. आमचा फिटर चुडामण, त्याच्या हाताला कायमचं ग्रीस. त्यानं इतका घट्ट मिळवला, की निर्मलकुमारांचा पांढरा शर्ट संध्याकाळी धुवायला गेला. मला हसू आलं, पण मी कपाळावर मूठ टेकवून गप्प बसलो.

मला सांगा, बावीस वर्षं आम्ही खाणाखुणांवर जीन चालवलं, आणि हा पोरगा आम्हाला खाणाखुणा शिकवणार! डोक्याला ताप नुसता.

पंधरा दिवसांनी ती गोष्ट घडली. सकाळी अकराचा सुमार. मी शेडच्या दाराशी ओट्यावर होतो. सात नंबरजवळ भिकुबाई ढिगातून कपाशी उचलत होती. एकदम थांबली. ढिगात हात घातला आणि एक आगपेटी बाहेर काढली. अहो, आगपेटी! कपाशीच्या ढिगात! ती रेच्यात गेली असती तर आज ही गोष्ट सांगायला मी नसतो. तिनं ती मुठीत धरून हात डोक्यावर नेला आणि गरागरा फिरवला. मी चुडामणला हात केला. त्यानं पट्टा उतरवला. धडधड थांबली आणि शेडमध्ये अशी शांतता पसरली, की बाहेरच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकू आला.

निर्मलकुमारांनी ऑफिसच्या भिंतीत नवीन काच बसवून घेतली होती. त्या काचेतून त्यांनी काय बघितलं? एका बाईच्या हातात आगपेटी, मुकादमानं हात केला, मशीन बंद. झालं! त्यांच्या मते मुकादमानं बाईला रंगेहाथ पकडलं.

दोघांना आत बोलावलं. आगपेटी टेबलावर. भिकुबाई दाराशी, मी तिच्या पुढे चार हातांवर.

"ही तुझ्याजवळ कशी आली?" निर्मलकुमारांनी विचारलं.

ती काय बोलणार? समोर नवा शेठ, बाजूला जेठ. तिनं पदर आणखी खाली ओढला आणि अंगठ्यानं फरशी टोकरत राहिली.

"माझ्या डोळ्यांत बघून सांग."

तिनं मान फिरवली. फिरवली ती माझ्या बाजूला. पदर इतका ओढलेला, की मला हनुवटीच तेवढी दिसत होती, पण ती माझ्याकडे वळली होती. याचा अर्थ आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतो. सुनेला बोलायचं असतं, तेव्हा ती घरच्या मोठ्या माणसाकडे वळते, आणि तिच्या वतीनं तो बोलतो. भाऊ, तुम्ही सांगा, असं ती म्हणत होती. तोंड न उघडता, पण स्पष्ट म्हणत होती.

निर्मलकुमारांनी माझ्याकडे बघितलं. "मुकादम, आगपेटी हिच्याच हातात होती ना?"

आणि मी मान हलवली.

तीच. डावीकडून उजवीकडे. हो नाही, नाहीही नाही. मला वाटलं, आता पुढचं विचारतील, मग सांगू. शेठ असते तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला असता आणि मी भडाभडा बोललो असतो. पण या पोरानं पेनाचं टोपण उघडलं आणि कागदावर लिहिलं. कामाच्या जागी आगपेटी बाळगली, मुकादमाची साक्ष. संध्याकाळपर्यंत भिकुबाईला गेटबाहेर काढलं. यादीतलं तिचं नाव लाल रेघेनं खोडलं.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. धुळ्यात जीन काय थोडी आहेत? पण जीन जाळायला निघालेली बाई म्हणून एकदा बोभाटा झाला, की कुठलाच मुकादम तिला गेटच्या आत घेत नाही. मीसुद्धा घेतली नसती.

तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं का नाही? गेलो होतो ना! दोनदा गेलो. पहिल्यांदा समोर हात बांधून उभा राहिलो. आम्ही मोठ्या माणसासमोर असेच उभे राहतो. निर्मलकुमार म्हणाले, "मुकादम, हात बांधलेत, म्हणजे माझा निर्णय तुम्हाला पटलेला नाही." मी घाईघाईनं हात सोडले. ते म्हणाले, "छान. आता पटला." अरे देवा! दुसऱ्यांदा गेलो, तर नाकात रुईचा तंतू गेलेला, नाक चोळलं. ते म्हणाले, "काही लपवताय का?"

मी मान हलवली आणि बाहेर आलो.

कारण लपवत होतो. आता सांगूनच टाकतो, उगाच त्या पोराला नावं ठेवून काय उपयोग? गेटवर गाड्या तपासायचं काम माझं. कपाशी घेऊन आलेल्या प्रत्येक गाडीवानाच्या खिशातली विडी-काडी काढून गेटवरच्या डब्यात टाकायची, हा नियम शेठच्या बापापासूनचा. त्या सकाळी गेटवर एकोणीस गाड्यांची रांग. ऊन चढलेलं, बैल अडून बसलेले. मी ओट्यावरूनच गाडीवानांकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे आगपेटी आहे का? त्यांनी मान हलवली. मी हात केला, जाऊ द्या. एकाचाही खिसा बघितला नाही. त्यातल्याच कुणाची तरी आगपेटी गाडीतल्या कपाशीत पडली. भिकुबाईची नाही, हे सांगायचं, तर मग कुणाची, हे आलं. आणि ते आलं, की मी आलो.

आठ दिवसांनी मी पुनाच्या घरी गेलो. का गेलो, मलाच माहीत नाही. पुना कामावर गेलेला. भिकुबाई दारात तांदूळ निवडत होती. मी अंगणात उभा राहिलो. नेहमीप्रमाणे तिनं पदर ओढायला हात वर नेला, आणि थांबवला. पदर डोक्यावरच राहिला. तिनं मान वर केली आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी तिचं तोंड बघितलं. उजव्या भुवईवर जुना व्रण होता, मला कधी माहीतच नव्हता. ती रागावलेली नव्हती. ती नुसती बघत होती. जेठासमोर सून पदर न ओढता बघते, तेव्हा तिच्या लेखी तो जेठ राहिलेला नसतो. मला शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. मी आल्या पावली परत फिरलो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तोंडानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जे माले सांगं, ते शेठले सांगा. आनि मान हलावू नका." सकाळी सहाच्या एसटीत तिनंच मला बसवलं. पारोळा, एरंडोल करत जळगावला पोचेपर्यंत मी काय बोलायचं त्याची तयारी करत होतो. शेजारच्या माणसाला वाटलं, हा जप करतोय.

शेठ पिंप्राळ्यात लेकीच्या, गुलाबबाईंच्या बंगलीत होते. मी ओसरीवर चपला काढल्या आणि आत गेलो. शेठ पलंगावर बसलेले. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. एकाचं ऑपरेशन झालं, त्यात काही बिघडलं, म्हणून दुसराही बांधून ठेवलेला. मी समोर उभा राहिलो. हात बांधले. मान खाली घातली.

काहीच झालं नाही.

मी खाकरलो.

"कोण?" शेठ म्हणाले.

मी मान हलवली. घ्या! आंधळ्या माणसासमोर मी मान हलवली. स्वतःची इतकी चीड आली, की वाटलं, आपल्याच कानाखाली एक द्यावी.

"अरे, कोण उभं आहे? मला दिसत नाही. तोंड उघड."

"लोटन," मी म्हणालो.

"धुळ्याहून इतका आलास. बोल."

चष्मा नाही, ग्लास नाही, पेन नाही. शेठच्या चेहऱ्यावर काय चाललंय, ते पट्टीखाली. पुढं बोलू की थांबू, हे सांगणारं काहीच नाही. बावीस वर्षं मी त्यांच्या भुवया बघून वाक्य पुरं करायचो किंवा गिळायचो. आता भुवयाच नाहीत. मग बोलत सुटलो. आगपेटी, भिकुबाईचा हात, काच, पदर, माझी मान, सगळं. आणि शेवटी गेटचं. एकोणीस गाड्या, एकही तपासली नाही, हे वाक्य मी तीनदा सुरू केलं, तेव्हा गुलाबबाईंनी न सांगता पाणी आणून दिलं.

शेठनी डोळ्यांवरची पट्टी चाचपली. मग म्हणाले, "तिनं जीन वाचवलं."

"हो."

"आणि तू मान हलवलीस."

"हो, शेठ."

"गुलाब, धुळ्याला फोन लाव."

मला वाटलं, झालं, शेठ बोलतील, मिटलं. मी मनातल्या मनात एसटीचं वेळापत्रक काढलं. गुलाबबाईंनी नंबर फिरवला, लागला, आणि शेठनी रिसीव्हर चाचपून घेतला आणि माझ्या दिशेनं पुढं केला. "मला सांगितलंस, तेच त्याला सांग. गेटचंसुद्धा."

मी रिसीव्हर कानाला लावला.

"हॅलो," पलीकडून निर्मलकुमार. "हॅलो, कोण बोलतंय? बापूजी?"

आणि काय सांगू तुम्हाला, माझी मान हलत होती. फोनवर! गुलाबबाई तोंडाला पदर लावून हसल्या. शेठना हसू ऐकू आलं असावं. त्यांनी पलंगाच्या पाटीवर हात आपटला. "लोटन, बोल!"

"मी लोटन मुकादम बोलतोय," मी ओरडलो. चाळीस रेचे चालू असल्यासारखा ओरडलो. "आगपेटी भिकुबाईची नव्हती! तिला ढिगात सापडली! तिनं मशीन थांबवायला हात केला! गाड्या मी तपासल्या नव्हत्या! चूक माझी!"

मग निर्मलकुमार हळू आवाजात म्हणाले, "मग त्या दिवशी तुम्ही हो का म्हणालात?"

"मी हो म्हणालो नव्हतो, मालक. मी मान हलवली, एवढंच."

"एवढंच," ते म्हणाले. तो मुलगा वाईट नाही, मी आधीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः भिकुबाईच्या घरी निरोप धाडला. यादी परत टाईप होऊन फळ्यावर लागली, तिचं नाव वर चढलं. त्याच फळ्यावर यादीशेजारी मला दिलेली ताकीद चिकटवली, सही-शिक्क्यासह, महिनाभर. बावीस वर्षांतली पहिली. येणारा-जाणारा प्रत्येकजण ती वाचायचा आणि मला बघून कानाची पाळी धरायचा.

भिकुबाई सोमवारी कामावर आली. सात नंबर. पदर डोक्यावर, नाकापर्यंत नाही. दुपारी बारा नंबरची बाई घरी गेली, म्हणून मी भिकुबाईला हात केला, बारावर जा. अकरा वर्षं ती या हातावर धावली होती. ती जागची हलली नाही. मी परत हात केला. तिनं कपाशी खाली ठेवली, माझ्याकडे सरळ बघितलं, आणि रेच्यांच्या धडधडीवर आवाज चढवून म्हणाली, "बोलीसन सांगा, भाऊ!"

तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. चांगला खणखणीत होता.

"बारा नंबरवर जा!" मी ओरडलो.

तिनं कानामागे हात लावला. मी परत ओरडलो. तिनं परत कानामागे हात लावला. चुडामण पट्ट्याजवळ पोट धरून हसत होता. तिसऱ्यांदा माझा घसा फाटला, तेव्हा कुठे ती उठली आणि बारावर गेली.

तेव्हापासून रोज हेच. अख्ख्या जीनला हात चालतो, हिला चालत नाही. संध्याकाळी घरी येईपर्यंत घसा बसलेला. वैताग आहे नुसता! तिला पहिल्याच वेळी ऐकू येतं, हे मला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे, हे तिलाही ठाऊक आहे. तरी मी तीनदा ओरडतो.